दावणीचा नेम
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दशमीच्या संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)





कमिटीनं मला सांगितलं, महाराज, तुमचं कीर्तन दरसाल ऐकतो, या खेपेला भाषण करा, पुस्तकात छापायचं आहे. आता मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनाला अभंग असतो, मागं टाळकरी असतात. बोलताना शब्द अडला तर मृदंगावर थाप पडते आणि वेळ निभावते. भाषणात माणूस एकटाच. म्हणून मी ठरवलं, आपल्याला खरोखर जे कळतं तेवढंच बोलावं. मला दोन गोष्टींतलं थोडंफार कळतं. एक ही दिंडी आणि दुसरी घरची दावण. दिंडीवर बोलणारी माझ्यापेक्षा मोठी माणसं इथं बसली आहेत, त्यांचे लेख पुस्तकात येणार आहेत. मी दावणीवर बोलतो. कुणी म्हणेल, परमार्थाच्या पुस्तकात शेणामुताचं काय काम? आहे काम. ऐकून घ्या, मग ठरवा.

आपला मुलूख मानदेश. पावसाचा भरवसा नाही. माझी जमीन ५ एकर, त्यातली दीड एकर विहिरीखाली, बाकी सगळी वरच्या पाण्यावर. दावणीला आज एक खिल्लार गाय, एक जर्सी, दोन पंढरपुरी म्हशी, एक खोंड, सहा शेळ्या. शिवाय दहा-बारा कोंबड्या आणि एक कुत्रं. आमच्यात हे फार न्हवं आणि कमीबी न्हवं. समोर बसलेल्या निम्म्या लोकांचं घर असंच आहे. माझी चौथी झाली आणि पाटीदप्तर जाऊन हातात काठी आली, तेव्हापासून मी गुरांमागं आहे. म्हणजे माळ गळ्यात पडायच्या आधी कासरा हातात पडला.

आपण वारकरी नेमाला फार मानतो. पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ, सालाची वारी. नेम चुकला की मनाला टोचणी लागते. आता दावणीचा नेम बघा.

देवळात काकडा सुरू व्हायच्या आधी गोठ्यात काकडा होतो. पहाटे ४ वाजता मंडळी उठतात. दाराची कडी वाजली की म्हशी उठून उभ्या राहतात. पायाच्या आवाजावरनं त्यांना कळतं कोण आलं. आधी शेण ओढायचं, मुताची नाली मोकळी करायची, गव्हाणीतली रातची उरलेली वैरण झटकून काढायची. मग नवी वैरण. मग सड धुवायचे, वासरू सोडायचं, पान्हा फुटला की वासरू ओढून बांधायचं. हे वासरू ओढणं आजबी माझ्या जिवावर येतं. ते आईच्या कासेला तोंड लावून शेपूट हलवत असतं आणि आपण त्याच्या तोंडचं काढतो. म्हणून आमच्या आजीचा नियम होता, एक सड वासराचा. चार सडांतल्या तीनाला हात लावायचा, चौथा सोडून द्यायचा. आजी म्हणायची, आपण वाटेकरी आहे, मालक न्हाई.

साडेसहाला दूध डेअरीवर. तिथं फॅट लागते, डिग्री लागते, कधी काटा लागतो आणि कधी मन लागतं. तो विषय आज नको. तिथनं आल्यावर झाडलोट, शेण उकिरड्यात, थोडं गोवऱ्यांना. दहाच्या सुमाराला जनावरं सावलीला बांधायची. दुपारी पाणी. उन्हाळ्यात दुभतं जनावर दिवसाला पाच-सहा बादल्या पाणी सहज पितं. ज्या घरात पाणी टँकरचं, त्या घरात आधी दावणीची टाकी भरते, मग माणसाचा रांजण. संध्याकाळी पुन्हा शेण, वैरण, धार. जेवणं झाली की झोपायच्या आधी बॅटरी घेऊन एक फेरी. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण रवंथ करतंय, कोण करत नाही.

या नेमाला सुट्टी नाही. एकादशीला आपण उपास करतो, दावणीला उपास घालता येत नाही. घरात लग्न असू दे, नाहीतर मयत असू दे, मातीला जाऊन आलेला माणूस आंघोळ करतो आणि वैरणीला हात घालतो. सुतक माणसाला असतं. म्हशीला कसलं सुतक?

तरण्या पोरांसाठी एक हिशोब सांगतो, कारण तुम्हाला आकडे आवडतात. एका मोठ्या जनावराला वाळली वैरण, आपल्याकडच्या पेंढीनं, दिवसाला पाच पेंढ्या धरा. वर्षाच्या झाल्या १८२५. माझी मोठी जनावरं पाच, म्हणजे ९१२५ पेंढ्या. ओली वैरण, सरकी पेंड, भुसा वेगळा. आता रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसावर. हस्त चुकला की कणीस बारीक राहतं आणि कडबा गुडघ्याएवढा. म्हणून शेतकरी कणसापेक्षा ताटाकडं आधी बघतो. ज्या साली बुचाड उंच, त्या साली आमची झोप चांगली. ज्वारी माणसाला बाजारात मिळते, कडबा मिळत नाही. मिळाला तर परवडत नाही.

जनावर बोलत नाही, पण सांगत असतं. निरोगी जनावराच्या नाकावर दव असतं. नाक कोरडं पडलं, कान गार लागले, रवंथ थांबली की समजायचं काहीतरी बिघडलं. डावी कूस ढोलासारखी फुगली तर पोटफुगी, तिथं वेळ घालवायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं. कोवळी ज्वारी, त्यातनं पाण्यावाचून सुकलेली, जनावरानं खाल्ली तर घटकेत आडवं होतं. गोचीड दिसला तर एकटा दिसत नाही, दावणीच्या खाचेत त्याचं गोत असतं, म्हणून औषध जनावराला आणि गोठ्याला दोन्हींना लागतं. हे मला कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. थोडं वडिलांनी सांगितलं, थोडं शेजारच्या धनगर म्हाताऱ्यानं, थोडं जनावरांच्या डॉक्टरांनी.

जुन्यातलं सगळंच खरं असतं असंबी नाही. आपल्याकडं समजूत होती की वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. वार पडायला सहा-आठ तास लागतात कधीकधी. तोवर वासरू उपाशी ताटकळत राहायचं. डॉक्टर सांगतात, जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, तीच त्याची पहिली लस. आता आमच्या वाडीत सगळे तसंच करतात, आणि वासरं मरायची कमी झाली. संतांनी आपल्याला खरं-खोटं पारखायला शिकवलं आहे. ते गोठ्यातबी चालवायला पाहिजे.

मायबाप हो, आता संतांकडं येतो. आपल्या संप्रदायात जनावर किती आहे ते बघा. ज्ञानोबारायांनी पैठणला वेद बोलवले ते रेड्याच्या तोंडून. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, लोक दर्शनाला जातात. ज्या रेड्याला आपण ओझ्याला जुंपतो आणि वर शिवी म्हणून त्याचं नाव घेतो, त्याला आपल्या माउलींनी समाधी मिळवून दिली. नाथबाबा काशीची कावड रामेश्वराला घेऊन निघाले होते. वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, सगळी कावड त्याच्या तोंडात ओतली. नामदेवरायांच्या हातची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. जनाबाईच्या गोवऱ्या तर सगळ्यांना ठाऊक आहेत. गोवऱ्यांवरनं भांडण लागलं, तेव्हा ज्या गोवरीतनं विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती जनीची, असा निवाडा झाला. गोवरी थापताना जनीच्या तोंडात नाम होतं, म्हणून ते शेणात उतरलं. शेण थापणं हे साधन होऊ शकतं, हे त्या माउलीनं दाखवलं.

आणि वारी तरी जनावरावाचून कुठं आहे? माउलींच्या रथाला बैलजोडी. दिवे घाटाच्या चढाला ती एक जोडी पुरत नाही, आणखी जोड्या लावून रथ वर नेतात. ज्या घरची जोडी रथाला लागते त्या घरात दिवाळी होते. रिंगणात धावतो तो माउलींचा अश्व, आणि त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. तुकोबारायांच्या पालखीला काटेवाडीत मेंढरांचं रिंगण होतं. मेंढरं पालखीभोवती पळतात, धनगर बांधवांची ती सेवा आहे. कार्तिकीला पंढरपुरात जनावरांचा बाजार भरतो, आपल्या खिल्लारीला तिथं मान. माझ्या वडिलांनी आमचा सर्जा कार्तिकीच्या बाजारातनंच आणला होता. पंढरपूर ते आमची वाडी चालत, वाटेत तीन मुक्काम. आई म्हणायची, तुमच्या वडिलांची ती वारी सगळ्यात मोठी, कारण येताना हातात कासरा होता आणि तोंडात नाम होतं.

आपल्या दिंडीलाबी पहिली कितीतरी वर्षं बैलगाडीच होती. माझे आजोबा पहिल्या मेळ्यातले. ते सांगायचे, निघायच्या आधी बैलांना पत्री मारून घ्यायची, गाडीला वंगण घालायचं, गाडीत सामान, पीठमीठ, एक तंबू आणि बैलांची वैरण. मुक्कामाला पोचल्यावर आधी बैल सोडायचे, पाणी दाखवायचं, पाठ चोळायची, मग माणसांनी टेकायचं. कुणी आधी बसला तर विणेकरी महाराज त्याला उठवायचे. म्हणायचे, जो तुझं ओझं ओढतो त्याच्या आधी तू बसतोस? पुढं ट्रॅक्टर आला, मग ट्रक, आता पाण्याचा टँकरबी बरोबर असतो. सोय झाली, चांगलं झालं. रस्त्यावर गाड्या एवढ्या वाढल्या की बैलांचे हाल झाले असते. मी काही बैलगाडी परत आणा म्हणणार नाही. पण ते वाक्य मात्र दिंडीत राहिलं पाहिजे.

सर्जाचं सांगतो. सर्जानं आमच्याकडं १४ वर्षं ओढलं. नंतर त्याचा पाय लागेना. व्यापारी दारात येऊन गेले. वडिलांनी सगळ्यांना चहा पाजला आणि रिकामं परत पाठवलं. तीन वर्षं तो नुसता बसून खात होता. वडील त्याला रोज ओढ्यापर्यंत चालवून आणायचे. गेला तेव्हा बांधाच्या चिंचेखाली खड्डा घेतला, मीठ घातलं, हळदकुंकू वाहिलं. आज तसं करणं सगळ्यांना जमत नाही हे मला कळतं. बसलेल्या जनावरालाबी रोज पाच पेंढ्या लागतात, आणि ज्याच्या पोराची फी भरायची राहिली आहे त्यानं त्या कुठनं आणायच्या? अशा घराला मी नावं ठेवणार नाही. एवढंच म्हणतो, की दाव्यावरनं जनावर सोडताना ज्याच्या हाताला कापरं भरतं तो माणूस अजून वारकरी आहे.

दुष्काळानं आपल्याला काय शिकवलं तेबी इथं लिहून ठेवायला पाहिजे. १९७२ साली मी पोरवयाचा होतो. घरची माणसं खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची. माणसाला सुकडी आली, जनावराला काही नव्हतं. दावणी मोकळ्या झाल्या. लोकांनी जनावरांना ओवाळून, गळ्यातली घंटा काढून घेऊन, सोडून दिलं. ती घंटा आमच्या घरात अजून आहे. मग २०१२-१३ ला पुन्हा तसंच आलं. त्या वेळी माण, सांगोला, आटपाडी भागात छावण्या निघाल्या. आम्ही बिऱ्हाडच छावणीत नेलं. उसाच्या मोळ्या यायच्या, टँकर यायचा. पाल मारून माणसं आपापल्या जनावरापाशी राहिली. संध्याकाळी धारा झाल्या की आम्ही हरिपाठ म्हणायचो, मग मी कीर्तनाला उभा राहायचो. पंचवीस-तीस गावची माणसं. कुणाची जात काय, गट कुठला, पार्टी कुठली, कुणी विचारत नव्हतं. जनावर कसं आहे एवढंच विचारायचे. मी आळंदी-पंढरीला मोठमोठे मंडप बघितले, पण छावणीतल्या कीर्तनासारखं कीर्तन माझ्या हातून कुठं झालं नाही. मागनं एखादी गाय हंबरायची आणि सगळी सभा तिकडं मान वळवायची. मीबी थांबायचो. कुणाची आहे, काय झालं, ते कळल्यावर पुढचं चरण.

२०२२ ला लम्पी आला. कातडीवर गाठी, ताप, पायाला सूज. जनावरांचे बाजार बंद झाले. आमची गाय महिनाभर उभी होती, बसली की उठेना म्हणून आम्ही तिला बसूच देत नव्हतो. रात्रीच्या पाळ्या लावल्या. शेजारच्या घरची गाभण गाय गेली. त्या घरच्या म्हातारीनं नऊ दिवस गोड खाल्लं नाही. लस सगळीकडं पोचायला वेळ गेला, पोचली तेव्हा तरण्या पोरांनी वस्ती-वस्तीवर जनावरं धरून दिली. ती पोरं आज इथं टाळ वाजवायला बसली आहेत. मी त्यांना सांगतो, बाळांनो, ती तुमची दिंडी होती.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

मी गेली ४१ वर्षं आषाढी पायी करतो. २०२० आणि २०२१ ही दोन सालं सोडून, तेव्हा महामारीमुळं पायी वारी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपुरी गेल्या आणि आपण सगळेच घरी राहिलो. लोक माझ्या पाया पडतात, महाराज म्हणतात. पण ही ४१ वर्षं माझी एकट्याची आहेत का? आळंदीपासनं पंढरपूरपर्यंत आपल्याला अठरा-वीस दिवस लागतात. आळंदीला पोचणं, बारस सोडून परत येणं धरलं तर माणूस तीन-साडेतीन आठवडे घराबाहेर. त्या वेळेला मृग-आर्द्रा चालू असतात, पेरणीची गडबड असते. आणि दावणीला रोज दोन वेळा धार, तीन वेळा वैरण. ती कोण करतं?

घरची लक्ष्मी करते. म्हातारी आई करते. धाकटा भाऊ करतो, शेजारी करतो. आपण बारशीला माळ घालून परत येतो, ती माणसं आपले पाय धुतात, आणि गोठा झाडायला निघून जातात.

एका सालचं सांगतो. आम्ही फलटणच्या मुक्कामाला होतो. इकडं घरी रात्री म्हैस अडली. वासराचा एक पाय पुढं, दुसरा आत दुमडलेला. डॉक्टरला फोन लागेना, लागला तर ते लांब दुसरीकडं होते. आमच्या मंडळींनी शेजारच्या धनगरवस्तीवरनं एका आजीला आणलं. कंदिलासारखी बॅटरी पोरानं धरली, आजीनं हाताला तेल लावून पाय सरळ केला, दोघींनी मिळून कळ येईल तसं ओढलं. पहाटे तीनला रेडकू मोकळं झालं. त्याच्या नाकातला शेंबूड पुसला, गवताच्या काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, तेव्हा ते शिंकलं. मग वार पडेपर्यंत दोघी बसून होत्या, म्हशीनं वार खाऊ नये म्हणून. आणि सहाला नेहमीसारखं दूध डेअरीवर गेलं.

मला हे नातेपुत्याला कळलं, तीन दिवसांनी. मी फोनवर म्हटलं, तवाच का न्हाई सांगितलं? तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही दिंडी सोडून आला असता. येऊन काय केलं असतं? तुमचा हात म्हशीला कुठं चालतो?

त्या साली बरडच्या मुक्कामाला माझं कीर्तन होतं. लोक म्हणाले फार रंगलं. ते रंगलं त्याच्या मागं कुणाची रात्र जागलेली होती, हे त्या मंडपात कुणालाच माहीत नव्हतं. मलाबी नव्हतं.

आपल्या दिंडीच्या वह्या आहेत. दरसालची नावं, शिधा, भिशी, सगळं लिहिलेलं आहे. या पुस्तकात ती नावं छापणार आहेत. फार चांगलं काम आहे. पण माघारी राहिलेल्यांची वही कुठं आहे? शंभर वर्षं ही दिंडी दोन पायांवर चालली. एक पाय वाटेवर होता आणि एक पाय दावणीत होता. आपण एकाचीच नोंद ठेवली.

कुणी शास्त्राधार विचारील. आधार घ्यायला लांब जायला नको. पंढरपूर कशामुळं झालं? पुंडलिकरायामुळं. देव दारात आला तेव्हा पुंडलिकराय आईबापाच्या सेवेत होते. सेवा अर्धी टाकून ते देवाकडं धावले नाहीत. वीट फेकली आणि म्हणाले, थांब. देव थांबला, अजून थांबलाच आहे. आपण ज्याच्या दर्शनाला एवढं चालत जातो, तो एका माणसानं हातातली सेवा सोडली नाही म्हणून तिथं उभा आहे. मग जी माउली आजारी सासूला आणि गाभण म्हशीला सोडून वारीला येऊ शकत नाही, तिच्या दारात देव थांबत नसेल का? मला तरी वाटतं थांबत असेल. आणि तिला धार काढायची घाई असेल तर बसायला तिनं दिलेलं पोतं घेत असेल.

पण म्हणून तिनं सदाच माघारी राहावं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं फार सोपं आहे. तू घरीच कर, तुला घरीच पंढरी, असं सांगायचं आणि आपण झेंडा घेऊन निघायचं, हे वारकऱ्याला शोभत नाही. चालण्याचं सुख वेगळंच असतं. पायाला फोड येतात, पावसात भिजतो, आणि तरीबी दरसाल जीव ओढतो. ते सुख तिलाबी मिळालं पाहिजे. आमच्या मंडळी कार्तिकीला एसटीनं जाऊन येतात, दोन दिवसांत. पायी आषाढी त्यांना घडलेली नाही.

म्हणून कमिटीपुढं तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. दिंडी निघायच्या आधी पंधरा दिवस वस्ती-वस्तीवर बैठक घ्यावी. कुणाच्या दावणीला किती जनावरं, त्यांत दुभती किती, गाभण किती, कुणाची कोणत्या तारखेला होणार, हे लिहून काढावं. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, शेळी पाच महिने, हिशोब तर आपल्याला तोंडपाठ आहे. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आणि दोन जाणत्या माणसांची नावं त्या कागदावर असावीत.

दुसरी. दरसाल प्रत्येक वस्तीवरच्या दोन वारकऱ्यांनी पाळीनं माघारी राहावं, आणि चार-पाच घरच्या दावणी सांभाळाव्यात. त्यांची ती वारी धरावी. दिंडीच्या वहीत त्यांचं नाव चालणाऱ्यांच्या बरोबरीनं लिहावं, खाली न्हवं, वेगळ्या पानावर न्हवं, त्याच ओळीत.

तिसरी. ज्या घरची बाई पायी कधी आली नाही, तिचा नंबर पहिला.

आता सांगणारानं आधी करावं लागतं. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, येत्या आषाढीला मी माघारी राहणार. आमच्या वस्तीवरच्या चार घरच्या दावणी, लहानमोठी मिळून १९ जनावरं, मी आणि माझा पुतण्या बघणार. त्या चार घरच्या चौघी, आमच्या मंडळी धरून, दिंडीत चालतील. माझी कीर्तनं तरण्या पोरांनी करावीत. त्यांची तयारी आहे, आम्ही जुने लोक जागा अडवून बसलो की त्यांना उभं राहायला मिळत नाही.

घरी हे बोललो तेव्हा आमच्या मंडळी हसल्या. म्हणाल्या, म्हशी तुम्हाला धार देतील का? थोरली तर माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत न्हाई. गोष्ट खरी आहे. म्हशीला हाताची आणि वासाची सवय असते, हात बदलला की ती दूध चढवते. म्हणून मी आत्तापासनंच लागलो आहे. गेला महिनाभर मी त्यांचं जुनं लुगडं खांद्यावर घेऊन धारेला बसतो. धाकटी फसली. थोरली वळून बघते, हुंगते आणि दोन लिटरातलं लिटरभर देते. तोंडाकडं बघून तिला कळतं की हे काम नवीन माणसाचं आहे. पण अजून वेळ आहे. आषाढीपर्यंत तीबी माळकरी होईल.

तरण्या पोरांना शेवटचं एक. तुमच्यातले बरेच पुण्यामुंबईला कामाला आहेत, दिंडीला रजा काढून येता, आनंद आहे. घरी म्हातारी माणसं दावण सांभाळतात. तुम्ही म्हणता, आता जनावरं काढून टाका, किती दिवस करणार? काळजीपोटी म्हणता. पण विचारताना एवढं बघा, की सकाळी चारला त्यांना उठवणारं दुसरं काय आहे घरात? रिकाम्या गोठ्याच्या घरातली म्हातारी माणसं मी बघितली आहेत. संध्याकाळी पाच वाजले की ती उगाच उठून दारात उभी राहतात. काढायची असतील तर एकदम काढू नका. एक गाय, दोन शेळ्या ठेवा, आणि वैरणीचा कडबा भरून द्यायची जबाबदारी तुम्ही घ्या. महिन्याला पैसे पाठवता तशी सालाला एक गंज रचून द्या. आईबापाची सेवा हीच पुंडलिकाची वाट आहे, आणि आपल्याकडं ती वाट गोठ्यातनं जाते.

वेळ बरीच झाली. धारेची वेळ होत आली म्हणून मागं बसलेल्या मायमाउलींची चुळबुळ चालू झालेली मला इथनं दिसते. त्यांना थांबवणारा मी कोण? कमिटीनं तिन्ही गोष्टींवर बारशीच्या बैठकीत निर्णय करावा, एवढी विनंती करून थांबतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!